मुख्य गायकाचे नाव चौघांआधी छापावे का? लीव्हाय स्टब्ज यांच्याविषयी विचारणा

सातपूरकर
आम्ही चौघे मित्र गेली काही वर्षे नाशिकमध्ये एकत्र गातो. मुख्य आवाज माझा असून उरलेले तिघे साथीचे सूर धरतात. कोजागरीच्या कार्यक्रमासाठी आयोजकांनी फ्लेक्सचा जो नमुना पाठवला, त्यात माझे नाव वीतभर आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आणि सहकारी’ असे आहे. तेव्हापासून गंगापूर रोडवरील आमच्या तालमीला दोघे उशिरा येऊ लागले आहेत. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या ‘फोर टॉप्स’ या चौघांच्या गायनसमूहाचे मुख्य गायक लीव्हाय स्टब्ज यांनी समूहाच्या नावापुढे स्वतःचे नाव कधी लावले नाही, असे वाचले. हे निव्वळ औदार्य होते, की त्यामागे गाण्यातलेही काही कारण होते? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनी तबकडी
औदार्य होतेच; परंतु आधी त्यांचा क्रम पाहावा. स्टब्ज, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन हे 1954 च्या सुमारास एकत्र आले आणि 1963 मध्ये मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीत जाईपर्यंत जवळजवळ दहा वर्षे नाइटक्लबांतून गात राहिले. म्हणजे प्रसिद्धी मिळाली तेव्हा त्यांची जोडणी पक्की झालेली होती, आणि चौघांचे सूर बसवण्याचे काम मुख्यतः पेटन करीत.

स्टब्ज यांचा आवाज मुळात खर्जाकडे झुकणारा. मोटाउनचे गीतकार-संगीतकार हॉलंड बंधू आणि लामोन्ट डोझिअर यांनी त्यांच्यासाठी गाणी मुद्दाम चढ्या पट्टीत बांधली, त्यामुळे वरच्या स्वरांवर त्यांचा आवाज ताणला जाई आणि ऐकणाऱ्याला ती विनवणी खरी वाटे. 1966 चे ‘रीच आउट आय विल बी देअर’ अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. 1967 चे ‘बर्नाडेट’ मात्र हेडफोन लावून ऐका. शेवटाकडे सगळे वाद्य थांबते, गाणे संपले असे वाटते, आणि त्या शांततेत स्टब्ज एकटे ते नाव पुकारतात. आधी बाकीच्यांनी भरून ठेवलेली जागा रिकामी झाल्यामुळेच ती हाक अंगावर येते. एकट्याच्या गाण्यात तिला हे वजन आले नसते, असे माझे मत आहे.

पंचवटीची पायरी
वरील मत पटते, तरी एक बाजू राहिली. मोटाउनच्या अनेक ध्वनिमुद्रणांत, फोर टॉप्सच्याही, मागचे उंच सूर अँडान्टीज या तीन गायिकांचे आहेत आणि बहुतेक वेळा त्यांना श्रेय दिलेले नाही. चौघांची एकी थोर खरी, पण नाव न छापण्याचा प्रश्न तिथेही सुटला नव्हता.

उलट उदाहरणही त्याच कंपनीतले. ‘टेम्प्टेशन्स’ या गायनसमूहाच्या डेव्हिड रफिन यांना समूहाआधी आपले नाव हवे होते, 1968 मध्ये त्यांना काढण्यात आले. पुढच्याच वर्षी त्यांचे एकट्याचे गाणे गाजलेही, त्यामुळे ‘वेगळा झाला की संपला’ असा सरळ हिशेब मांडता येत नाही. फोर टॉप्स मात्र 1972 मध्ये मोटाउन सोडून दुसऱ्या कंपनीकडे गेले तेही चौघे मिळूनच, आणि 1997 मध्ये पेटन यांचे निधन होईपर्यंत हा संच बदलला नाही. स्टब्ज यांनी एकट्याने जे केले, त्यात 1986 च्या ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या चित्रपटातील माणसे खाणाऱ्या वनस्पतीला दिलेला आवाज आहे. तिथे तर चेहराही दिसत नाही!

सातपूरकर
आभारी आहे. काल तालमीत ‘बर्नाडेट’चा तो थांबा तिघांना ऐकवला. मग आमच्या एका गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराने चढवून पाहिली. माझा घसा बसला, पण साथ प्रथमच ठळक ऐकू आली. फ्लेक्सचा नमुना चारही नावे एकाच मापात, वर्णानुक्रमे लावून परत पाठवला आहे. त्यात माझे नाव शेवटी गेले. आयोजकांचे उत्तर अद्याप यायचे आहे.