ड्रॉइंग इंग्रजीत मोठ्याने कसं वाचायचं? जर्मन कस्टमरसोबत कॉल आहे

शिरोलीचा_टर्नर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहे, आयटीआय करून सात वर्षं झाली, ड्रॉइंग हातात आलं की जॉब बरोबर निघतो त्यात अडचण नाही. पण पुढच्या आठवड्यात जर्मनीच्या कस्टमरसोबत व्हिडिओ कॉल आहे आणि साहेब म्हणाले की ड्रॉइंगचं तूच बोल, कारण मशीनवर तूच असतोस. आता आम्ही शॉपमध्ये कसं बोलतो, "पंचवीसचा बोअर, प्लस दोन मायक्रॉन चालेल", "दोन सूत जाड पट्टी", असं. तेच इंग्रजीत म्हणायचं झालं की जीभ अडते. गोलातून तिरकी रेघ गेलेलं चिन्ह, प्लस मायनस, २५ कॅपिटल एच ७, आणि ती चौकटींची पोझिशनवाली पट्टी, हे सगळं तोंडाने काय म्हणायचं? शाळा मराठी मिडियमची, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

क्यूसी_ताई
दादा, घाबरू नका, तुम्हाला ड्रॉइंग कळतंय म्हणजे अवघड काम झालेलंच आहे. चाकणला इन्स्पेक्शनला आहे मी, असे कॉल रोजचेच.

पहिली गोष्ट पॉइंटनंतरचे आकडे. आपण मराठीत "सहा पॉइंट पंचवीस" म्हणतो ना, ते इंग्रजीत करू नका, "सिक्स पॉइंट टू फाइव्ह" म्हणा, एकेक आकडा सुटा. ०.०५ म्हणजे "झिरो पॉइंट झिरो फाइव्ह". "डबल झिरो" पण टाळा, "झिरो झिरो" म्हणा. आणि जर्मन ड्रॉइंगवर दशांशाला स्वल्पविराम असतो, २५,४ असं, तो दिसला तरी वाचताना पॉइंटच म्हणायचं.

ते गोलाचं चिन्ह "डायमीटर" आणि ते आकड्याच्या आधी: "डायमीटर ट्वेंटीफाइव्ह". आपण "ट्वेंटीफाइव्ह डाया" म्हणतो, तेही समजतं. प्लस मायनस सारखं असेल तर "प्लस ऑर मायनस झिरो पॉइंट झिरो फाइव्ह", वेगळं असेल तर वरचं आधी, "प्लस झिरो पॉइंट झिरो टू वन, मायनस झिरो".

आता एच, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल त्याचा कोड. इथे मी स्वतः पोळलेय म्हणून जरा लांबण लावते. कॅपिटल एच भोकाचं, स्मॉल एच शाफ्टचं. २५ ला कॅपिटल एच ७ म्हणजे शून्य ते प्लस ०.०२१, स्मॉल एच ७ म्हणजे शून्य ते मायनस ०.०२१. कागदावर दोन्ही स्पष्ट दिसतात, पण कानाला दोन्ही "एच सेव्हन"! आमच्याकडे घाईत फोनवर नुसतं "ट्वेंटीफाइव्ह एच सेव्हन" सांगितलं गेलं, समोरच्याने प्लसमध्ये टर्न करून चाळीस पिना पाठवल्या, बऱ्याचशा २५.०१५ च्या आसपास, बोअरमध्ये जाईनात, प्लेटिंगही झालेलं होतं. तेव्हापासून मी नुसतं एच म्हणतच नाही. "होल, कॅपिटल एच सेव्हन" किंवा "शाफ्ट, स्मॉल एच सेव्हन", भोक की शाफ्ट हे आधी.

जुना_ड्राफ्ट्समन
ताईंनी छान सांगितलं. पोझिशनच्या पट्टीचं मी सांगतो. चौकटी डावीकडून उजवीकडे वाचत जायचं, एकही गाळायची नाही: "पोझिशन, डायमीटर झिरो पॉइंट वन, ॲट मॅक्सिमम मटेरियल कंडिशन, विथ रिस्पेक्ट टू डेटम ए, बी, सी". गोलातला एम म्हणजे ते मॅक्सिमम मटेरियल, जॉबवर मटेरियल जास्तीत जास्त राहिलेली स्थिती; आणि डेटम म्हणजे ज्या पृष्ठभागापासून किंवा रेषेपासून मोजायचं ते. त्यातलं डायमीटर बरेच जण खाऊन टाकतात, ते खाल्लं तर टॉलरन्स झोनचा, म्हणजे भोकाचा मध्य जेवढ्या जागेत सरकलेला चालतो तिचा, आकारच बदलतो, म्हणून ठासून म्हणा.

आकड्याभोवती नुसती चौकट असेल तर "बेसिक", कंसात असेल तर "रेफरन्स", खाली रेघ मारली असेल तर "नॉट टू स्केल". थ्रेड "एम टेन बाय वन पॉइंट टू फाइव्ह". सहा भोकांचं "सिक्स प्लेसेस, डायमीटर नाइन थ्रू, काउंटरबोअर डायमीटर फिफ्टीन, डेप्थ नाइन". आणि ते फिफ्टीन लगेच "वन फाइव्ह" असं पुन्हा म्हणा, कारण कॉलवर आवाज फाटला की फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं.

जर्मन माणसाबरोबर आणखी एक. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखंच एकक आधी बोलतात, आपलं पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, त्यांचंही तसंच. म्हणजे इंग्रजी दोघांनाही परकं आणि दोघांच्या डोक्यात आकडा उलटा बसलेला, ५२ चं २५ दोन्ही बाजूंनी होऊ शकतं. तेव्हा सुटे आकडे म्हणायला अजिबात लाजू नका.

मिशिगनवाला
इकडे अमेरिकेत कधी बोलायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. इथले जुने मशिनिस्ट "थाऊ" म्हणतात तो इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन, ते आपल्याकडेही जुन्या लोकांना माहीत आहे. पण ते "टू टेन्थ्स" म्हणतात तेव्हा ०.२ नसतं, इंचाच्या दहा हजारावे दोन भाग असतात, म्हणजे जेमतेम ५ मायक्रॉन! मी नवीन आलो तेव्हा हे कळायलाच मला काही दिवस लागले. शंका आली तर सरळ विचारा, "इंच ऑर मिलिमीटर?"

उच्चाराचं थोडं: नर्लिंगमधला (पकडीसाठी पाडलेली खरखरीत नक्षी) पहिला के बोलायचा नाही, आणि चाम्फर नव्हे, चॅम्फर (तिरकी छाटलेली कड). बाकी आपला मराठी हेल राहू दे, त्याने कुणाचं काही अडत नाही.

शिरोलीचा_टर्नर
ताई, सर, दादा, तिघांचेही खूप आभार. काल रात्री धाकट्या भावाला फोन लावला, तो डिप्लोमाला आहे सांगलीला, त्याला ड्रॉइंग न दाखवता सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं आणि म्हटलं कागदावर काढून फोटो पाठव. अकरा डायमेन्शनपैकी दहा बरोबर आले. चुकलं ते स्मॉल एच ६, मी घाईत "शाफ्ट" म्हणायचं विसरलो होतो आणि त्याने कॅपिटल काढला. आज परत लावतो फोन.