नवीन जोडलेला पीसी: पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. सुटे भाग घेऊन घरी पीसी जोडला आहे. बटण दाबलं की सगळे पंखे फिरायला लागतात आणि फिरतच राहतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. बीप नाही, कीबोर्डवरचा नम लॉकचा दिवाही लागत नाही. मदरबोर्डाच्या कडेला चार छोटे दिवे आहेत. त्यातले सीपीयू आणि डीरॅम हे दोन लागून राहतात. अर्धं-एक मिनिट वाट पाहून मी बंद करतो.

भाग असे आहेत: रायझन ५ ९६००एक्स, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, डीडीआर५ ६००० रॅम (१६ जीबीच्या २ स्टिक), आरटीएक्स ४०६०, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. रॅम काढून पुन्हा बसवून झाली. एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे. रॅम खराब निघाली असेल का? दुकानाची बदलून देण्याची मुदत संपत आली आहे, म्हणून जरा घाई.

चोवीसपिन:

इतक्यात रॅमला दोष देऊ नका. नव्या जोडणीत भाग खराब निघण्यापेक्षा काहीतरी अर्धवट बसलेलं असणं किंवा बायोस (पीसी सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) जुना असणं जास्त वेळा आढळतं.

पंखे फिरतात आणि फिरत राहतात, ही तुम्ही दिलेली सगळ्यात उपयोगी माहिती. बटण दाबून काहीच हललं नसतं, तर एसएमपीएस, त्याच्या मागचा खटका किंवा कॅबिनेटच्या बटणाची तार बघावी लागली असती. पंखा जरासा हलून लगेच थांबला असता, तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता: बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंट), मागे पडलेला स्क्रू किंवा भलत्याच जागी घातलेली केबल. अशा वेळी एसएमपीएस स्वतःहून वीज तोडतो. तुमच्याकडे या दोन्हीपैकी काही नाही. वीज येते आहे, पण बोर्ड प्रोसेसर आणि रॅमच्या टप्प्यापुढे सरकत नाही.

ते चार दिवे क्रमाने वाचायचे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. ज्या टप्प्यावर काम अडतं तो दिवा लागून राहतो. व्हीजीएपर्यंत गाडी पोचलेलीच नसल्याने मॉनिटर, केबल आणि ग्राफिक्स कार्ड यांचा सध्या विचारही नको. कार्ड काढूनच ठेवा. ९६००एक्समध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यामुळे एचडीएमआय केबल बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावून तपासता येतं. (ज्यांच्याकडे नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर आहे, उदाहरणार्थ ७५००एफ, त्यांनी हे करू नये. त्यात ग्राफिक्स नसतं.)

एसएमपीएसचा मागचा खटका बंद करून आता हे बघा. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ८ पिनांचं सॉकेट असतं. त्यातली केबल क्लिप अडकेपर्यंत आत गेली आहे ना? ही केबल लावलेली नसली तरी पंखे फिरतात, कारण पंख्यांना वीज २४ पिनांच्या केबलीतून मिळते, आणि दिवा मात्र सीपीयूचाच लागतो. शिवाय ती केबल खरोखर प्रोसेसरचीच आहे ना, तेही पाहा. प्रोसेसरची केबल ४ अधिक ४ अशी फुटते, ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी जोर लावून बसवली तर थेट शॉर्ट होतो.

रॅम दोन स्टिक असल्यावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हवी. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असतं. बऱ्याच बोर्डांवर खाचेला एकाच बाजूला खटका असतो. तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि वरून पाहून कळत नाही. दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा.

शून्य_एक:

चोवीसपिन यांनी सांगितलेलं आधी करा. पण अर्ध्या-एका मिनिटात बंद करणं ताबडतोब थांबवा.

एएम५ (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) बोर्डावर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होते तेव्हा मेमरी ट्रेनिंग चालतं. ४८०० चा वेग धरला तरी एका बिटाच्या वाट्याला साधारण २०८ पिकोसेकंद येतात. प्रत्येक तारेची लांबी आणि बोर्डाचा प्रत्येक तुकडा किंचित वेगळा, त्यामुळे सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे कंट्रोलर एकेका तारेसाठी प्रयोग करून ठरवतो. या काळात स्क्रीन काळी, डीरॅमचा दिवा चालू आणि पंखे फिरत असतात. पीसी मध्येच स्वतःहून एकदोनदा बंद होऊन चालूही होतो. ३२ जीबीला हे बहुधा काही मिनिटांत आटोपतं, जास्त रॅम असेल तर १० ते १५ मिनिटंही लागतात. मध्ये बंद केलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून एकच स्टिक ए२ मध्ये ठेवा, सुरू करा आणि २० मिनिटं हात लावू नका. काही झालं नाही तर दुसऱ्या स्टिकने तसंच. दोन्ही स्टिक एकदम खराब निघणं फार विरळ, त्यामुळे दोन्हींवर तेच घडलं तर रॅम परत करायचा विचार सोडून द्या.

त्याआधी सीमॉसही क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतील. मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मग बोर्डावरच्या सीमॉस क्लिअरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ५ ते १० सेकंद जोडून धरा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल ५ मिनिटं काढून ठेवा.

बायोसकट्टा:

माझा रोख वेगळा आहे. प्रोसेसर ९६००एक्स, बोर्ड बी६५०, आणि सीपीयू व डीरॅम दोन्ही दिवे लागून राहतात. बी६५० बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरपासून विकले जात आहेत, ९६००एक्स आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डावर त्याआधीचा बायोस असेल, तर त्यात या प्रोसेसरला जागं करण्याचा कोडच नाही. प्रोसेसर धड, बोर्ड धड, रॅम धड, तरीही काळी स्क्रीन. अशा वेळी २० मिनिटं काय, रात्रभर ठेवलं तरी काही होणार नाही.

खात्री करणं सोपं आहे. बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन ९००० रेडी’ असं स्टिकर आहे का बघा. बोर्डावरच, २४ पिनांच्या सॉकेटवर किंवा बायोसच्या चिपवर, बऱ्याचदा आवृत्तीचा आकडा चिकटवलेला असतो. मग कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी उघडा. प्रत्येक प्रोसेसरपुढे कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते दिलेलं असतं. बोर्डाच्या नावातलं प्रत्येक अक्षर जुळवा. वायफाय असलेला आणि नसलेला बोर्ड यांच्या फायली वेगळ्या असू शकतात, आणि रिव्हिजन १.० की १.२ हेही बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं.

जुना निघाला तर दुकानात न्यायची गरज नाही. मागच्या पट्टीवर फ्लॅशचं बटण आहे का? असेल तर प्रोसेसर आणि रॅम चालत नसतानाही बायोस घालता येतो, कारण ते काम बोर्डावरची वेगळी छोटी चिप करते.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर बटण दाबून काहीच होत नाही, आणि लोक उगाच बोर्ड मेला म्हणतात. डाउनलोड केलेली झिप उघडून आतली फाइल पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवा, फोल्डरमध्ये नको. तिला ठरावीक नाव द्यावं लागतं: एमएसआयच्या बोर्डासाठी ‘एमएसआय डॉट रॉम’, गिगाबाइटसाठी ‘गिगाबाइट डॉट बिन’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एसुसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅमच असतो. नाव बदलताना जुनं एक्स्टेन्शन पूर्ण पुसा. त्यासाठी विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग आधी चालू करा.

पेनड्राइव्ह कुठल्याही यूएसबीत चालत नाही. एका पोर्टवर बायोस किंवा फ्लॅश असं छापलेलं असतं, तोच हवा. २४ आणि ८ पिनांच्या दोन्ही केबली लावलेल्या, एसएमपीएसचा खटका चालू, पण पीसी बंद. मग फ्लॅशचं बटण दाबा, काही बोर्डांवर तीन सेकंद धरून ठेवावं लागतं. शेजारचा दिवा लुकलुकायला लागतो आणि साधारण ५ ते १० मिनिटांनी थांबतो. लगेचच स्थिर झाला किंवा विझला तर बोर्डाला फाइल वाचता आलेली नाही. नाव, फॉरमॅट, पोर्ट पुन्हा तपासा.

यूपीएस किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर करा. मध्येच वीज गेली तरी घाबरू नका, याच बटणाने पुन्हा पहिल्यापासून करता येतं.

पाटीपेन्सिल:

धाग्यातच विचारतो. इथे उलट अवस्था आहे: बटण दाबलं की काहीच नाही. पंखा नाही, आवाज नाही. बोर्डावरचा एक छोटा दिवा मात्र सतत चालू असतो.

चोवीसपिन:

दिवा चालू आहे म्हणजे ५ व्होल्टची स्टँडबाय (पीसी बंद असतानाही येणारी) वीज बोर्डापर्यंत पोचते आहे. आधी कॅबिनेटच्या बटणावर संशय घ्या. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या ९ पिनांच्या हेडरवर पॉवर स्विचच्या पिना ६ आणि ८ असतात. ५ आणि ७ रिसेटच्या. तिथल्या सगळ्या तारा काढा आणि ६ व ८ स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. सुरू झालं तर तार चुकीच्या पिनांवर आहे किंवा बटण खराब आहे. स्विचच्या तारेला उलटसुलट नसतं, दिव्यांच्या तारांना असतं.

तरीही सुरू झालं नाही तर २४ पिनांची केबल बोर्डातून काढा. एक पंखा एसएमपीएसलाच जोडून ठेवा, हिरवी तार (पिन १६) शेजारच्या काळ्या तारेशी जेमक्लिपने जोडा आणि मग मागचा खटका चालू करा. सगळ्या तारा काळ्या असतील तर माहितीपुस्तिकेतली आकृती पाहूनच पिन ठरवा, अंदाजाने नको. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं. व्होल्टेज मल्टिमीटरनेच मोजा: १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५.

आणि दोघांनाही: मॉड्युलर एसएमपीएसला फक्त त्याच्याच केबली लावा. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. जुन्या एसएमपीएसची साटा केबल नव्यात बसते, आणि पहिल्याच झटक्यात ड्राइव्ह जातो. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेटच वापरा. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर गळती येते आणि हाताला झिणझिण्या येतात.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ८ पिनांची केबल आणि रॅमच्या खाचा बरोबर होत्या. एका स्टिकवर २० मिनिटं ठेवून पाहिलं, दुसरीवरही तेच. बोर्डावरच्या स्टिकरवरचा बायोस ९६००एक्ससाठी लागणाऱ्या आवृत्तीपेक्षा जुना निघाला. फ्लॅशच्या बटणाने नवा घातला, दोन्ही स्टिक लावल्या, काही मिनिटं काळी स्क्रीन राहिली आणि मग चित्र आलं. आता एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी सोय) रिसेट करायचं का असं विचारतो आहे, वाय की एन. काय दाबू? एसएसडी कोरी आहे.

बायोसकट्टा:

एसएसडी कोरी आहे तर बिनधास्त वाय दाबा. जुन्या पीसीतली, बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह-कुलूप) लावलेली विंडोजची एसएसडी कुणी बसवणार असेल, तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, कारण रिसेट केल्यावर विंडोज ती मागते.

बायोसमध्ये ३२ जीबी दिसते आहे ना, बघून घ्या. १६ च दिसली तर बहुतेक वेळा कूलर एका बाजूने जास्त आवळलेला असतो. सॉकेटमधल्या १७१८ पिनांवर दाब सारखा पडत नाही आणि रॅमचा एक चॅनेल सुटतो. स्क्रू सैल करून समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळा. सॉकेट उघडायची वेळ त्यानंतरच, कारण त्या पिना वाकल्या तर सरळ करणं फार कठीण.

आत्ता रॅम ६००० वर चालत नसेल. त्यासाठी बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) चालू करा. सेव्ह केल्यावर पुन्हा ट्रेनिंग होईल, पुन्हा काळी स्क्रीन, तेव्हा बंद करू नका. त्यानंतरही रोज सुरू व्हायला मिनिटभर लागत असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीचं ट्रेनिंग पुन्हा वापरणारा) हा पर्याय चालू करून बघा. विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची निदान एक पूर्ण फेरी चालवा. त्यात एक जरी चूक दिसली तर एक्स्पो बंद करून पुन्हा चालवा. एक्स्पो बंद असतानाही चुका आल्या, तर मात्र दुकानाची मुदत संपायच्या आत रॅम बदलून घ्या.