देवदास-पारोचं लहानपणच काढून टाकलं तर?

बर्डीवाली
नमस्कार मंडळी. धरमपेठेत आमचा एक छोटासा वाचनकट्टा आहे, या महिन्यात शरदबाबूंचा (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) देवदास घेतलाय (१९१७ चं पुस्तक, सिनेमा नाही) आणि त्यावर एक खेळ ठरला की प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं, अट एकच, दोघं लहानपणी एकमेकांना ओळखतच नव्हते. शेजार नाही, पाठशाळा नाही, आंब्याच्या बागेत लपून हुक्का ओढणाऱ्या देवदासला पदरात मुरमुरे बांधून नेऊन देणं नाही. मोठेपणीच पहिल्यांदा भेटतात. ऐकायला सोपं वाटलं पण मी लिहायला बसले तर पारो काही केल्या त्याच्या प्रेमातच पडून नाही राहिली! कलकत्त्याहून आलेला जमीनदाराचा पोरगा, विलायती बूट, हातात छडी, सोन्याची चेन, घड्याळ, आणि स्वभाव तर माहीतच आहे. ती काऊन पडेल याच्या प्रेमात? कोणाला काही सुचत असेल तर सांगा प्लीज, शनिवारी वाचून दाखवायचंय.

महालचा_मन्या
नाही पडत. मान वळवून घरी जाते, कादंबरी दोन पानांत खतम, सगळे वाचले बे 😄
सिरियसली सांगायचं तर प्रेमाच्या आधीच गाडी अडते. लग्नाची गोष्ट पारोची आजी काढते ना, ती काढते कशाच्या भरवशावर, तर पोरं लहानपणापासून एकत्र आहेत म्हणून. नाहीतर लेकीच्या लग्नात पैसे घेणारं घराणं, तेही अगदी भिंतीला भिंत लागून, जमीनदाराच्या बायकोसमोर तोंड उघडायची हिंमत कुठून आणणार होतं. लहानपण काढलं की विचारणा नाही, विचारणा नाही तर देवदासच्या घरच्यांचा नकार नाही, नकार नाही तर देवदासची दारू नाही.

उमरेडरोड
मन्याचं बरोबर आहे पण मला वेगळंच वाटून राहिलं. लहानपणाने या दोघांना प्रेम दिलं असं आपण धरून चालतो, पण नीट वाचा, देवदासला लहानपणाने दिला तो हक्क. तो तिला छडीने मारतो आणि ती घरी जाऊन सांगते पंडितजींनी मारलं. तिथेच सगळं ठरून गेलं, याने मारायचं आणि तिने झाकायचं. पुढे मोठेपणी तळ्याच्या घाटावर ती त्याला लग्नाला सरळ नाही म्हणते तर हा गडी मासे धरायच्या गळाच्या काठीने तिचं कपाळ फोडतो आणि वर चंद्रालाही डाग असतो वगैरे बोलतो. एखाद्या परक्या पोरीवर हात उचलला असता का त्याने? नसता. तिथे त्याला आधी विचारावं लागलं असतं, वाट पाहावी लागली असती, ती हो म्हणेल की नाही याची धाकधूक राहिली असती. पुस्तकात ही धाकधूक त्याला कधीच नाही. ती रात्री एकटी त्याच्या खोलीत येते, पायाशी जागा मागते, तेव्हाही याला काळजी कशाची तर कोणी पाहिलं का आणि आईबाप काय म्हणतील. आणि मग कलकत्त्याहून पत्र, की तुझ्यावर माझं फार प्रेम आहे असं मला कधी वाटलंच नाही.
म्हणजे ताई, तुमच्या पानात पारो प्रेमात का पडते हे सोडा, देवदासला मागायला शिकवा. ते जमलं तर ती पडेल.
आणि एक, लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा पारो तेरा वर्षांची आहे. लहानपण काढायचं तर काढायचं कुठून, संपलंच कुठे होतं तिचं?

सिनेमावेडी_नागपूर
२००२ च्या सिनेमाने हे थोडंफार करून पाहिलंय की. पुस्तकात तो कलकत्त्यालाच शिकतो, सिनेमात डायरेक्ट लंडन, दहा वर्षं बाहेर, आणि लहानपण म्हणाल तर मधूनमधून झलक. मग ती कमी भरून काढायला काय केलं, तर पारोच्या हातात दिवा दिला, त्याच्या नावाने तेवत ठेवलेला. पुस्तकात असा दिवा नाही. बिमल रॉयच्या १९५५ च्या सिनेमात लहानपण भरपूर दाखवलंय, तिथे अशा कशाची गरजच पडली नाही. तर एक तर लहानपण ठेवा नाहीतर दिवा लावा 😅 मला स्वतःला १९५५ चाच जास्त आवडतो, पण घरी बोलायची सोय नाही, सगळे डोला रे वाले.

तर्री_कमी
अहो पण चंद्रमुखी आहे ना!! सगळे तिला विसरून कसे राहिले. कलकत्त्याची कोठेवाली, लहानपणाची काडीची ओळख नाही, मित्र चुन्नीलाल त्याला तिच्याकडे घेऊन जातो, हा तिच्याकडे किळस आल्यासारखा बघतो, पैसे ठेवतो आणि निघून जातो, आणि तिथूनच तिची ओढ सुरू. धंदा सोडते, खेड्यात जाऊन राहते, पुढे त्याला शोधत परत कलकत्त्यात येते, रस्त्यावर पिऊन पडलेला सापडतो तर घरी नेऊन सेवा करते. म्हणजे बर्डीवालीचा प्रश्न शरदबाबूंनी स्वतःच सोडवून ठेवलाय, फक्त दुसऱ्या बाईवर.

उमरेडरोड
@तर्री_कमी मान्य, पण तिथेही मागणारी आणि झिजणारी बाईच. देवदास आपला पलंगावर.

बर्डीवाली
बाप्पा, एवढे रिप्लाय! चंद्रमुखीचा मुद्दा भारी आहे पण पारोला चंद्रमुखी केलं तर मग पारो उरली कुठे. पारो म्हटलं की मला ती तीन रुपयांवाली आठवते, देवदासने ठेवायला दिलेले तिन्ही रुपये वैष्णवींना देऊन मोकळी, का तर त्या तिघी होत्या. ती पोरगी कोणाच्याही ओळखीशिवाय तशीच असणार.
तर आता असं सुचून राहिलं. देवदास तिला पहिल्यांदा भेटतो तो हातीपोत्यालाच, तिच्या सासरी. ती भुवन चौधरींची, म्हणजे पुस्तकात तिचं लग्न होतं त्या वयस्कर जमीनदाराची, बायको झालेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तिच्याच वयाच्या सावत्र लेकीला स्वतःचे दागिने देऊन बसलेली, दारात आलेल्या कोणालाही रिकामं न पाठवणारी. हा काही कामाने पाहुणा म्हणून येतो. ती पान वाढते, दोन शब्द बोलते, बस. हिच्यावर याचा कसलाच हक्क नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा याला नीट बोलावं लागतं. प्रेमात तो पडतो, ती नाही. किंवा पडते, पण त्याला कळू देत नाही. ते अजून ठरलं नाही.

सिनेमावेडी_नागपूर
हे तर मस्तच!! पण मग शेवटी पुस्तकातल्यासारखा त्याच वाड्यासमोर पिंपळाखाली मरणार का तो?

बर्डीवाली
नाही हो, जेवून रात्रीच्या गाडीने परत जाणार. कशाला मरेल.

महालचा_मन्या
चालते. फक्त एक कर, त्या पानात भुवनबाबूंना थोडं जास्त बोलायला लाव. मोठी पोरं, नवी पोरगी बायको, पाहुण्याकडे बघून त्याला काही तरी समजलं असेलच ना. पुस्तकात बिचाऱ्याला कोणी फारसं विचारतच नाही.

तर्री_कमी
शनिवारी कुठे भेटता ते सांगा, आम्ही पण येतो ऐकायला. पोहे आमच्याकडून.