चालान दुचाकीवाल्याचं, पंपाला कोण विचारतो?

रामबागकर
स्वच्छ वायू सर्वेक्षणात 2025 साली दहा लाखांवरच्या शहरांत इंदूर पहिलं आलं, छान झालं. पण नियम राबवायचे म्हटलं की चौकात पीयूसीसाठी दुचाकीवालाच अडवायचा? जून 2025 मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या रतलामला बंद पडल्या, डिझेलमध्ये पाणी निघालं. पंप लगेच सील. तुमची-माझी गाडी असती तर ढकलत गॅरेजला नेली असती. पंपांवर न सांगता जा, नमुने घ्या, अहवाल जाहीर करा. चालान त्यानंतर कापा.

देवास_नाका
भिया, पाण्यानं गाडी बंद पडते, हवा बिघडत नाही. उगाच गल्लत नको. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 (भारत स्टेज-6, कमी प्रदूषणाचं मानक) इंधन मिळतंय, गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाखांत 50 भाग) 10 वर आलं. धूर ओकतात ते जुने ट्रक. संध्याकाळी इंदूरच्या लोहामंडीत उभे राहून बघा.

सुदामानगरवाली
रिफायनरीतून चांगलंच येतं, मान्य. इंदूरजवळच्या मांगलियाच्या इंधन डेपोतून टँकर निघाला की पुढे? बीएस-6 गाडीत जास्त गंधकाचं इंधन जात राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरकडे जाणारा धूर साफ करणारा भाग) निकामी होत जातो. पीयूसीत काय बघतात? पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड नि हायड्रोकार्बन, डिझेलला धुराचा काळेपणा. इंधनातली खोट तिथे कुणी शोधतच नाही.

देवास_नाका
मग पंपावर घनता मोजून मागा, पेट्रोलचा थेंब टाकून डाग राहतो का बघायचा फिल्टर पेपर मागा. ग्राहकाचा हक्कच आहे तो. मागायचं नाही आणि सरकारला शिव्या द्यायच्या!

रामबागकर
मागितली की. घनता मोजायचा हायड्रोमीटर कपाटात, किल्ली मालकाकडे, मालक लग्नाला. मागे हॉर्नची रांग.

जुना_मिस्त्री
घनतेवर फार विसंबू नका. सॉल्व्हंट (स्वस्त औद्योगिक द्रावक) मिसळणारा घनता जुळवूनच मिसळतो. गंधक तर हायड्रोमीटरला कळतच नाही, त्याला लॅबच हवी. रेशनचं रॉकेल घालायचे तेव्हा आम्ही नुसत्या वासानं ओळखायचो. आता गुजरातेत ‘बायोडिझेल’ म्हणून ट्रकवाल्यांना स्वस्तात भलतंच काही विकताना पकडतात. देवास_नाका, तुमच्या काळ्या धुराच्या ट्रकांत काय भरलंय ते कधी विचारलंत?

पुरवठ्यातून_निवृत्त
पेट्रोल-डिझेलमधल्या भेसळीसाठी अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली 2005 चा आदेश आहे. रोजचं काम पुरवठा खातं आणि तेल कंपन्या बघतात, हवा मोजतं प्रदूषण मंडळ. एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर जात नाही, खरं दुखणं तिथे आहे. (आमच्या वेळीही हेच होतं.)

देवास_नाका
आणि भेसळ टँकरनं वाटेत केली असेल तर? अहवाल जाहीर करून पंपवाल्याची अब्रू घालवणार?

सुदामानगरवाली
अहो, आलेल्या टँकरचा नमुना पंपावर राखून ठेवायचा नियम आहे ना! तो काढा, नोजलमधून आलेल्या इंधनाशी ताडून बघा. वाटेत झालं की आवारात, तिथेच कळेल. नमुनाच ठेवला नसेल तर अब्रूची भाषा कशाला?

देवास_नाका
ठीक आहे, ताडा. पण ताई, पंधरा-पंधरा वर्षं जुन्या इंजिनात अमृत ओतलं तरी धूरच निघणार. त्यांचं काय करायचं ते कुणीच बोललं नाही.