मदत हवी आहे : ३३ अंशांच्या स्वयंपाकघरात सावरडो पाव पसरट होतो आहे

गेल्या महिन्यापासून मी घरी सावरडो पाव (विकतचे यीस्ट न घालता, पीठ-पाणी आंबवून केलेल्या स्टार्टरने फुगवलेला पाव) करून पाहते आहे. आतापर्यंत तीन पाव झाले आणि तिन्ही पसरट, आतून चिकट व जरा जास्तच आंबट निघाले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. चूक नेमकी कुठे होते आहे ते लक्षात यावे म्हणून सगळे तपशिलाने लिहीत आहे.

माझे काम दिवसभर संगणकासमोरचे आहे. आठवड्यातून एखादा दिवस हात एकाच कामात गुंतवावेत, तेवढा वेळ भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि हाताखाली जे आहे त्याकडेच लक्ष द्यावे, एवढ्याच हेतूने हा उद्योग सुरू केला. ध्यानाला बसणे मला जमत नाही. डोळे मिटले की मी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजू लागते. कणीक मळताना मात्र मन आपोआप जागेवर राहते, हा अनुभव जुना आहे.

स्टार्टर (आमच्या घरी त्याचे नाव ‘विरजण’च पडले आहे) चक्कीवरून दळून आणलेली कणीक आणि पाणी समान वजनाने घेऊन सुरू केला. तिसऱ्या दिवशी तो बरणीबाहेर येईल इतका फुगला, चौथ्या-पाचव्या दिवशी अगदीच निपचित पडला आणि आठव्या दिवसापासून पुन्हा नियमित फुगू लागला. आता रोज सकाळी एकदा, ५० ग्रॅम स्टार्टरला ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम पाणी घालते. बरणीला रबर बँड लावून पाहिले आहे : चार तासांत तो दुपटीवर जातो, संध्याकाळपर्यंत खाली बसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेलपॉलिशसारखा वास येतो.

पावासाठी ३५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कणीक, २८० ग्रॅम पाणी, ८० ग्रॅम स्टार्टर आणि ८ ग्रॅम मीठ असे प्रमाण घेतले. मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रथिने असल्याचे छापलेले आहे. सकाळी नऊ वाजता पीठ भिजवले, दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने ताणून चार वेळा घडी घातली आणि कृतीत लिहिल्याप्रमाणे एकूण सहा तास आंबू दिले. दुसऱ्या घडीच्या वेळी पीठ इतके सुरेख होते की हातातून सोडवेना. तळहाताखाली ते गुळगुळीत, किंचित कोमट आणि ताणाला उलट ओढणारे लागत होते. पाचव्या तासाला सासूबाई ओट्याशी आल्या आणि पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “अगं, हे फुगून बसलंय की!” इडलीच्या पिठाबद्दल त्या असे म्हणाल्या असत्या तर मी तत्काळ ऐकले असते. इथे कृतीत सहा तास लिहिले होते, म्हणून आणखी एक तास थांबले. त्यानंतर ओट्यावर काढलेले पीठ गोळा होण्याऐवजी पसरतच गेले आणि बोटांना चिकटून धाग्यांऐवजी लगद्यासारखे तुटू लागले. तांदळाची पिठी लावलेले फडके रोवळीत घालून तो गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या भट्टीत), तापवलेल्या बिडाच्या भांड्यात, २३० अंशांवर आधी झाकून २५ मिनिटे व नंतर उघडा २० मिनिटे भाजला. पावाची उंची जेमतेम चार सेंटिमीटर भरली. कापल्यावर सुरीला खळ लागावी तसा थर चिकटला.

म्हणजे सजगतेसाठी सुरू केलेल्या या कामात मी पिठाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहते आहे. पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात सध्या दुपारी ३३ अंश तापमान असते. माझे प्रश्न दोन आहेत. पीठ पुरेसे आंबले हे वेळेवर न विसंबता कशावरून ओळखावे? आणि आमच्याकडच्या मैद्याला इतके पाणी सोसते का?

प्रतिसाद १

आपण तपशील नीट दिल्यामुळे निदान सोपे झाले आहे : पीठ गरजेपेक्षा फार जास्त आंबले आहे. सहा तासांचा हिशेब साधारण २४-२५ अंशांच्या खोलीसाठी असतो. ३३ अंशांवर तेच काम जवळपास निम्म्या वेळात उरकते, आणि पुढचे तास आम्लता वाढण्यात व पिठाचा ताण तुटण्यात जातात. सासूबाईंचे ऐकायला हवे होते.

मात्र खरा दोष त्याआधी, स्टार्टरमध्ये आहे. चार तासांत खाऊन संपवणाऱ्याला आपण चोवीस तासांतून एकदाच जेवू घालता. नेलपॉलिशसारखा वास हे त्याच्या उपासमारीचे लक्षण आहे. असा अति आंबट स्टार्टर पिठात गेला की पिठाचा चिवटपणा पहिल्या तासापासूनच कमी होऊ लागतो. १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी असे प्रमाण उन्हाळ्यात ठेवा, शक्यतो दिवसातून दोनदा, आणि तो चढून माथ्यावर आला की लगेच वापरा. सुरुवातीच्या दिवसांतले ते निपचित पडणे स्वाभाविक होते. तिसऱ्या दिवशीची उसळी बहुधा यीस्टची नसते. काही जिवाणू सुरुवातीला भराभर वायू सोडतात, मिश्रण आंबट झाले की मागे हटतात, आणि आंबटपणा सोसणारे यीस्ट व लॅक्टिक जिवाणू नंतर जम बसवतात.

आता ओळखण्याबद्दल. रुंद पातेल्यात पीठ किती वाढले हे डोळ्यांना फसवते. घडी घालून झाल्यावर त्यातले ४० ग्रॅम पीठ काढून सरळ उभ्या भिंतीच्या लहान ग्लासात दाबून बसवा, खूण करा आणि ग्लास पातेल्याशेजारीच ठेवा. आपल्या उकाड्यात ते दुप्पट होण्याची वाट पाहू नये. निम्म्याने वाढले की गोळा करावा, कारण फ्रिजमध्ये मधला भाग गार होईपर्यंत आंबणे चालूच राहते. पातेले हलवले की पीठ थुलथुलले पाहिजे, त्याचा माथा किंचित फुगीर आणि कडा आत वळलेल्या दिसल्या पाहिजेत. माथा सपाट होऊन मधे खळगा पडला, तर उशीर झाला असे समजावे.

१० ग्रॅम प्रथिनांच्या मैद्याला ७० टक्के पाणी नवशिक्याने देऊ नये. २८० ऐवजी २५० ग्रॅम पाणी घ्या आणि ते फ्रिजमधले थंडगार असू द्या. स्टार्टरही निम्मा करा. सजगता उत्तमच, पण पिठात खुपसायचा एक थर्मामीटर जरूर घ्या. भिजवल्यावर पीठ २६ अंशांच्या आसपास असले म्हणजे आपल्याला त्याच्याकडे पाहायला सवड मिळते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. एक भर घालते. गोव्यातले पदेर (पाव भाजणारे) पूर्वी माडाच्या सुरेने (माडीने) पीठ आंबवत, आणि तिथेही ऋतू बदलला की वेळ बदलत असे. आपण वहीत वेळेआधी वास, स्पर्श आणि बुडबुडे यांची नोंद करा व घड्याळातली वेळ सर्वांत शेवटी लिहा. मला यानेच उलगडले. शिवाय पाव कापण्याआधी दोन तास थांबता का? गरम पावाचा गर नीट भाजलेला असला तरी चिकटच लागतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. नाही, मी वीस मिनिटांतच कापत होते.

आठवडाभर स्टार्टरला नव्या प्रमाणात खाऊ घातले. वास आता ताज्या ताकाच्या जवळ आला आहे. काल ४० ग्रॅम स्टार्टर आणि २५० ग्रॅम थंड पाणी घेऊन पीठ भिजवले. ग्लासातले पीठ खुणेच्या दीडपटीला पोहोचले तेव्हा घड्याळ पाहिले, तर साडेचार तास झाले होते. त्याआधीच्या तासाभरात पिठाच्या कडेला एक बुडबुडा हळूहळू ताणला जाऊन पारदर्शक होताना मी पाहत बसले होते. गोळा ओट्यावर काढल्यावर पसरला नाही. आज सकाळी पाव सात सेंटिमीटर उंच निघाला. दोन तासांनी कापला आणि सुरी कोरडी राहिली. सासूबाईंनी टोकाचा तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि “जरा मीठ हवं होतं” एवढेच म्हणाल्या.

आता एकच अडचण उरली आहे : पावाचा तळ काळा पडून इतका कडक झाला की तो कापून टाकावा लागला. माझ्या ओटीजीत खालची कॉइल भांड्यापासून जेमतेम चार बोटे अंतरावर आहे. भांड्याखाली रिकामा ट्रे ठेवावा, की झाकण काढल्यावर फक्त वरची कॉइल चालू ठेवावी?