नाटकावर पोट कोणत्या शहरात भरते?

मुलुंडकर:
माझ्या भाचीने नाट्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण यंदा पूर्ण केले असून, मालिकांच्या मागे न लागता रंगमंचावरच उपजीविका करायची, असा तिचा निश्चय आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा ती सफाईने बोलते. तिने मुंबईतच राहावे, की दिल्ली, कोलकाता किंवा बंगळूर गाठावे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

तिसरी घंटा:
‘व्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ शहरागणिक बदलतो, हे आधी ध्यानात घ्यावे. दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे रंगमंडळ १९६४ पासून कलाकारांना मासिक मानधन देत आले आहे. मात्र तिथल्या जागा मोजक्याच असतात. कोलकात्यात हातीबागान परिसरातील तिकिटावर चालणारी रंगभूमी एके काळी फार मोठी होती, परंतु ती ओसरली. १९९१ साली स्टार थिएटरला आग लागली, तेव्हा उतरणीचे दिवस आलेच होते. आज तिथे ग्रुप थिएटर, म्हणजे नाट्यगटांनी स्वतःच्या बळावर चालवलेली रंगभूमी, जोमात आहे, पण त्यातले बहुतेक जण पोटासाठी दुसरी नोकरी करतात. बंगळूरचे रंग शंकरा हे नाट्यगृह २००४ पासून सोमवार वगळता जवळजवळ रोज नाटक दाखवते, तरी कलावंताचे घर त्यावर चालणे कठीणच.

निर्मात्याने पैसे घालावेत, ते तिकीटबारीवर वसूल करावेत आणि नटापासून रंगमंच कामगारापर्यंत प्रत्येकाला ‘नाईट’, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, द्यावी, ही रीत मुंबईच्या मराठी आणि गुजराती रंगभूमीने टिकवून धरली आहे, आणि मला तिचा मनापासून अभिमान आहे.

विंगेतला:
मी प्रकाशयोजनेचे काम करतो, म्हणून नाईटची दुसरी बाजू सांगतो. प्रयोग लागला नाही, तर नाईट नाही. आणि प्रयोग लागणे हे नाट्यगृहाच्या तारखांवर अवलंबून असते. शिवाजी मंदिर, दीनानाथ आणि गडकरी रंगायतन येथील शनिवार-रविवारच्या तारखा साऱ्यांनाच हव्या असतात. त्यातच परळचे दामोदर २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. रविवारी दुपारी दादरला पडदा पडताच आम्ही नेपथ्याचे फ्लॅट उतरवून टेम्पोत चढवतो, आणि चेहऱ्यावरचा रंग तसाच ठेवून बसमध्ये वडापाव खाणारे कलाकार रात्रीच्या प्रयोगासाठी ठाण्याला निघतात. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी होतात, तेव्हा हातात शिल्लक असावी लागते. गुजराती नाटकांचे अख्खे प्रयोग सामाजिक मंडळे आधीच विकत घेतात, त्यामुळे तिथे तिकीटविक्रीची धास्ती थोडी कमी असते.

मुलुंडकर:
आपण दोघांनी मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. केवळ नाईटवर राहायचे झाल्यास पहिली दोन वर्षे कशी काढावीत?

विंगेतला:
एकाच नाटकावर विसंबू नये. नव्या नटीला नाईट लहानच मिळते, म्हणून सकाळच्या बालनाट्यात भूमिका घ्यावी आणि आठवड्यातले मोकळे दिवस आवाजाच्या कामाला किंवा नाट्यशिबिरांत शिकवायला द्यावेत. मात्र त्याआधी तिने कोकणाचा एखादा दौरा आमच्याबरोबर बसने करावा. चार दिवसांत चार गावे, रोज नवा रंगमंच आणि रोज तेच नेपथ्य उभे करणे तिला मानवले, तर मुंबई सोडण्याचे कारण मला दिसत नाही.