मदत हवी आहे: भाचीला बिकरस्टाफ एन्सेफलायटिस (मेंदूच्या खालच्या भागाला, ब्रेनस्टेमला सूज), कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, माझी भाची ७ वर्षांची, आधी साधा सर्दी-ताप झाला, तो गेला आणि मग एकदम एकाचे दोन दिसायला लागले, चालताना तोल जायला लागला, दिवसभर नुसती झोपून, हाक मारली तरी नीट ओ देईना. घास घ्यायला हात नेला की हात ताटाच्या बाजूलाच पडायचा. एमआरआय नॉर्मल आला म्हणून आम्ही निवांत झालो, पण मुलांच्या न्यूरोवाल्या मॅडमनी बुबुळं हलत नाहीत हे बघून बिकरस्टाफचाच संशय घेतला, ह्यात एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच असतो म्हणे. रक्तात ह्या आजारात बऱ्याचदा सापडणारी अँटी जीक्यूवनबी अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली.

आता आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटीबॉडी) चालू आहे, किलोमागे एकूण २ ग्रॅम, ५ दिवसांत विभागून, सोबत स्टिरॉइड. आता हाकेला ओ देते, पण डोळे अजून तसेच. प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं) लगेच केलं तर दिलेलं आयव्हीआयजीच निघून जातं म्हणून थांबलोय.

कुणाच्या मुलाला हे झालं होतं का? डोळे हलायला किती दिवस लागले, नंतर फिजिओ किती लागली? पुण्या-मुंबईत लहान मुलांचं प्लाझ्मा एक्सचेंज कुठे चांगलं होतं? प्लीज कळवा, ताईची अवस्था बघवत नाहीये.